आठव्या कड्यातला धागा

भिंगारच्या बाजारात रोशनबीच्या हातचा रफू शोधून दाखवा, अशा पैजा लागत, आणि शोधणारा हटकून हरे. लढाईचे दिवस होते. छावणीतल्या साहेबांचे कोट तिच्याकडं येत, कुठं विडीनं जळलेले, कुठं तारेत अडकून फाटलेले, आणि नव्यासारखे होऊन परत जात. फाटलेलं दिसलं तर रफूगराची अब्रू गेली, एवढंच अब्बांनी तिला शिकवलं होतं. नवरा गेल्यावर तेवढ्यावरच तिचं पोट चाललं होतं.

समोरच्या खोलीत सूर्यभान मास्तर राहायचे. मूळचे पाथर्डीकडचे, शाळेत शास्त्र शिकवणारे, एकटा जीव. माणसाला एखादं खूळ असतं, तसं मास्तरांना पाणभुंग्याच्या अळीचं होतं. बोटभर लांबीची ही अळी तळ्यात डोकं खाली आणि शेपूट वर करून लटकते, शेपटाच्या दोन भोकांतून श्वास घेते. बुडी मारताना ती भोकं मिटवतो कोणता स्नायू, हे मास्तर बारा वर्षं शोधत होते. पोटाची सात कडी त्यांनी उलगडली होती. उभे, आडवे, तिरपे, सगळे स्नायू वहीत उतरले होते. आठव्या, शेवटच्या कड्याशी आले आणि कंपवातानं हात धरले. पाच अळ्यांच्या तिथंच, त्यांच्याच सुईनं, चिंधड्या झाल्या.

मग एक दिवस उजवा हात डाव्यानं घट्ट धरून ते रोशनबीच्या दारात उभे राहिले. तुमच्या सुईला हे जमेल, म्हणाले. तिला आधी किळस आली. पण मेणाच्या थाळीत टाचलेल्या अळीची पाठ भिंगाखाली उसवली, चरबी बाजूला सारली, आणि आतलं तलम विणकाम बघून ती किळस विसरली. हळूहळू ती बोरूनं चित्रंही काढू लागली. मास्तर शेजारी बसून सांगत, ती काढी. उतारवयात दोघांनाही बोलायला माणूस मिळालं, हे दोघांपैकी कुणी बोलून दाखवलं नाही.

वैशाखात तळं आटलं. स्पिरिटच्या बरणीत पुरी वाढलेली एकच अळी उरली होती. मास्तर शाळेत असताना एका दुपारी रोशनबी तिच्या आठव्या कड्याशी पोचली. तिथं, भोकांच्या खाली, केसाहून बारीक स्नायू होता. तो पुरता दिसायच्या आतच सुई जरा सरकली आणि त्याचं एक टोक सुटलं.

तिनं विचार असा केलाच नाही, जे केलं ते हातांनी केलं. सुटलेलं टोक उचललं, जवळच्या भोकाच्या काठाखाली सारलं आणि अलगद दाबलं. संध्याकाळी मास्तरांनी भिंगाला डोळा लावला तो बराच वेळ काढलाच नाही. वर पाहिलं तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"सापडला, रोशनबी," ते म्हणाले.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मास्तरांना इतकं आनंदात तिनं कधी पाहिलं नव्हतं, आणि जीभ काही उचलेना. चित्र तिनंच काढलं. लेख शाळेच्या कारकुनाकडून लिहवून मास्तरांनी कलकत्त्याच्या एका मंडळाला धाडला. हिवाळ्याच्या अंकात छापू, असं उत्तर आलं. ते पत्र मास्तरांनी पानवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना दाखवलं, आणि दर वेळी आवर्जून सांगितलं की हात रोशनबीचे. तिला ते ऐकवत नसे.

आषाढात मास्तर तापानं अंथरुणाला खिळले. पेज घेऊन गेलेली रोशनबी वाटी खाली ठेवून बसली.

"मास्तर, तो स्नायू माझ्या सुईनं तुटला हुता. मी जोडला. तुमी बघितला तो माझा रफू हाय."

मास्तर रागावले नाहीत. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तरी तिला बरं वाटलं असतं.

"मूळ टोक कुठं चिकटलेलं होतं?" त्यांनी विचारलं.

"न्हाई ठावं. मला फाटलेलंच दिसलं, मास्तर. त्याआधी कसं हुतं ते मी बघितलंच न्हाई."

त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. बारा वर्षं पाण्यात गेली, हे दोघांनाही कळलं. रोशनबी उठायला लागली तेव्हा भिंतीकडूनच आवाज आला.

"चित्र पुन्हा काढा. तुटलाय तसा. माहीत नाही तिथं जोडू नका."

चौथ्या दिवशी मास्तर गेले. पाथर्डीहून चुलतभाऊ आला, भांडीकुंडी घेऊन गेला. भिंग आणि थाळी कुणालाच नको होती, ती रोशनबीकडं राहिली. तळ्यात पाणी चढत होतं. आता अळ्याही मिळतील, पण त्या दाखवायच्या कुणाला, या विचारानं तिला रडू फुटलं.

कलकत्त्याला चूक कळवणारं पत्र कारकुनानं लिहिलं. चित्र पुन्हा काढायला ती खिडकीशी बसली. सात कडी भराभर झाली. आठव्यात त्या सुटलेल्या टोकाशी आली आणि बोरू आपसूक भोकाच्या काठाकडं निघाला. तिनं तो उचलला, पुन्हा टेकवला. पुन्हा तो तिकडंच निघाला. शेवटी तिनं उजवा हात डाव्यानं घट्ट धरला, मास्तर धरायचे तसा, आणि रेघ मध्येच थांबवली.

शाई वाळेपर्यंत ती तशीच बसून राहिली. रोशनबीच्या हातचं फाटलेलं पहिल्यांदाच कुणालाही दिसणार होतं.