रविवारचं वाक्य

बाईंनी फायलीतलं तिसरं पान उलटलं आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

‘मी दर रविवारी आईला फोन करतो.’ मुलाखतीच्या नोंदीत हे उत्तर होतं. शेजारी साहेबांनी लाल शाईनं लिहिलं होतं: अर्जाप्रमाणे आई वारलेली आहे. अर्जदार खोटं बोलतो.

अर्जदार म्हणजे बाईंच्या वर्गातला शिंपी. सहा वर्षं बाईंनी या परक्या शहरात, एका शाळेच्या मागच्या खोलीत, आपली भाषा शिकवली होती. घशाला कोरड आणि पगार जेमतेम. मग चौतिसाव्या वर्षी परीक्षा दिली आणि इथल्याच, आपल्या देशाच्या वकिलातीत नोकरी लागली. आईनं गावाकडे घरोघरी जाऊन सांगितलं. नोकरी अजून कायम व्हायची होती, हे मात्र तिनं कुणाला सांगितलं नाही.

आईला दर रविवारी फोन करायच्या त्या बाईच. पाचव्या धड्याला उदाहरण सुचेना, म्हणून त्यांनी स्वतःचंच वाक्य फळ्यावर लिहिलं आणि वर्गाकडून घोकून घेतलं. शिंपी मागच्या बाकावर, दिवसभराच्या शिवणकामानं पेंगुळलेला. बाकी भाषेच्या नावानं आनंद होता, पण हे एक वाक्य त्याला कधीही विचारा, खाड्‌कन म्हणून दाखवायचा. त्याची मुलगी बाईंच्या देशात बाळंत व्हायची होती. महिन्याभरात त्याला तिकडे जायचा परवाना हवा होता.

बाई फाईल घेऊन साहेबांच्या टेबलाशी गेल्या.

“साहेब, हा खोटं बोललेला नाही. हे वाक्य मीच शिकवलंय.”

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. “म्हणजे पाठ करून आला होता.”

“घरच्यांबद्दल विचारलं तेव्हा घाबरला असेल हो. तोंडात बसलंय ते त्याच्या.”

“तेच म्हणतोय मी. तुमचे विद्यार्थी घोकलेली उत्तरं देतात आणि आम्ही इथे ती खरी धरून बसतो. किती जण होते वर्गात?”

“सव्वीस,” बाई म्हणाल्या, आणि म्हटल्या म्हटल्या त्यांना जीभ चावावीशी वाटली.

साहेबांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. आवाज चढवला नाही. ते कधीच चढवत नसत.

“नावं लिहून द्या. ज्यांना परवाने दिले गेलेत त्यांच्याही फायली परत काढू. शिंप्याचा अर्ज तर फेटाळावाच लागेल.”

बाई एकाला वाचवायला आल्या होत्या, तो बुडालाच, वर पंचवीस जणांना पाण्यात ओढून बसल्या. त्यांनी पेन उचललं. हजेरी त्या झोपेतसुद्धा म्हणू शकल्या असत्या. पहिली ती दवाखान्यातली नर्स, मग बेकरीतले दोघे भाऊ, मग दुभाषा व्हायचं म्हणणारी ती पोरगी, आणि रोज उशिरा यायचा म्हणून सगळ्यात शेवटी शिंपी.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

“आठवत नाहीत, साहेब.”

“एकही नाही?”

“एकही नाही.”

साहेबांनी तो कागद परत आपल्याकडे ओढला, त्यावर बाईंचं नाव लिहिलं आणि लाल पेन उघडलं.