पंचनाम्याला उभं भात

परतीच्या पावसानं भात झोपवलं, तेव्हा कुशाबाला दुःख नंतर झालं. लाज आधी वाटली. मुळशीत भात सगळ्यांचंच पडलं होतं. पण कुशाबाचं भात पडलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं, आणि त्याच्या मते ही गोष्ट अख्ख्या तालुक्याला ठाऊक होती.

घरात मात्र करार झाला होता. सरकारी मदत आली, तर पुढच्या सालीही इंद्रायणी लावायची. नाही आली, तर पोरगा इंद्रजित त्या खाचरात लग्नाचं लॉन करणार. इंद्रजितचा सरकारवर पूर्ण विश्वास होता. मदत येणार नाही हे धरून त्यानं 'सुस्वागतम्'ची लोखंडी कमानसुद्धा आणून ठेवली होती.

अशात निरोप आला, की उद्या तलाठी मॅडम पंचनाम्याला येणार. आता तालुक्याच्या पौडहून माणूस येणार म्हणजे पाहुणाच, आणि पाहुणा येणार म्हटल्यावर या घरात आवराआवर होते. कुशाबाची बायको तुळजाबाई, तिनं अंगण सारवलं. कुशाबानं शेत आवरलं. चिखलात लोळलेली भाताची चुडं उचलायची, चार-चार एकमेकांना टेकवायची, त्यांच्याच पातीनं बांधायची. सांजेपर्यंत अख्खं खाचर कवायतीला उभं राहिल्यासारखं उभं. मग त्यानं दाढी केली आणि ट्रंकेतला फेटा काढला.

सकाळी तलाठी गौतमी मॅडम बांधावर आल्या. शेजाऱ्यांच्या चिखलातून आल्यामुळे त्यांनी आधी चपला झटकल्या, मग शेत पाहिलं.

"बाबा, नुकसान कुठं आहे?"

"हेच की."

"हे तर उभं आहे."

"मग? तुमी येणार म्हटल्यावर लोळतं ठेवू व्हय?"

तुळजाबाईनं कपाळावर हात मारला. "अवो, पंचनामा हाय! पोरगी बघाया न्हाई आल्यात त्या!"

"मला पडलेल्या पिकाचा फोटो लागतो," मॅडम म्हणाल्या. "एक कोपरा सोडता का? नाहीतर मला 'नुकसान नाही' असं लिहावं लागेल."

कुशाबानं एका गाठीला हात घातला. हात तिथंच राहिला.

मागून इंद्रजित म्हणाला, "आबा, लॉनला हिरवळ कुठली बरी?"

कुशाबानं एकदा पोराकडं पाहिलं, एकदा शेताकडं. कमान पार डोळ्यांपुढं आली. तरी गाठ काही सुटेना.

"न्हाई जमायचं, मॅडम. आमच्यात आडव्या झालेल्याचा फोटो काढत न्हाईत."

मॅडमनी मोबाईल पर्समध्ये टाकला, तशी तुळजाबाई पदर खोचून शेतात उतरली. एक लोंबी खुडली आणि प्रसाद द्यावा तशी त्यांच्या तळहातावर ठेवली.

"नवरदेवाचा फेटाच नका बघू, ताई. जरा आत बघा."

मॅडमनी पाहिलं. दाण्यादाण्याला पांढरा कोंब. चिखलात लोळून भात लोंबीवरच उगवलं होतं. दुसरी लोंबी तशीच, पार पलीकडच्या कोपऱ्यातलीही तशीच.

"अरेरे! हे तर सगळंच वाया गेलंय."

"वाया?" कुशाबाची छाती पुढं आली. "उगवण बघा, मॅडम! एक दाणा मागं न्हाई ऱ्हायला. बियाणं कसलं हाय म्हणतो मी!"

मॅडमनी 'शंभर टक्के नुकसान' लिहिलं आणि कोंब फुटलेली लोंबी हातात देऊन कुशाबाला उभं केलं.

"फोटो काढते. जरा दुःखी दिसा."

कुशाबानं मनापासून प्रयत्न केला. फेटा आडवा आला.

मदत आली. इंद्रजितनं मोबाईलवरचा मेसेज दहाव्याचा निरोप वाचावा तसा वाचून दाखवला, आणि पुढच्या पावसाळ्यात दिलेल्या शब्दाला जागून गुडघाभर चिखलात लावणीला वाकला. कमान परत घ्यायला दुकानदार तयार नव्हता. कुशाबानं ती बांधावर रोवली. पुढच्या खेपेला सरकारी माणूस आला, तर नीट वाटेनं यावा.

भात पोटरीला आलं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात होत्या, तेव्हा हिंजवडीकडची एक गाडी कमानीपाशी थांबली. काच खाली झाली.

"काका, इथं लग्नाला किती माणसांची सोय होते?"

कुशाबानं वाऱ्यावर डुलणाऱ्या खाचरावरून नजर फिरवली.

"मोजली न्हाईत," तो म्हणाला. "पण आमच्याकडं समदी उभीच असत्यात."