ज्याचा फोटो त्याच्या नावापुढे

भोकरदनला बसस्टँडसमोरच्या गल्लीत फकरोद्दीन यांचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, लग्नं, शाळेचे ग्रुप फोटो यांवर आजवर संसार बरा चालला होता. दोन हजार आठ साली त्यांच्याकडे एक वेगळंच काम आलं. गावातलाच साहेबराव औरंगाबादहून कंप्युटरचं शिकून आला होता. तालुक्यातले सगळे दुकानदार आणि कारागीर एका वेबसाइटवर आणायचं त्याच्या मनात होतं. कोण काय काम करतं, कुठं बसतं, फोन नंबर काय, आणि शेजारी त्या माणसाचा फोटो.

"माणूस तोंड बघून भरवसा ठेवतो, चाचा," साहेबराव म्हणाला होता.

फकरोद्दीन यांना हे पटलं. नवा डिजिटल कॅमेरा गळ्यात अडकवून ते लुनावर खेडोपाडी फिरले. सुतार, लोहार, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारे, शेवयांची मशीन चालवणाऱ्या बाया, सगळ्यांचे फोटो काढले. संध्याकाळी घरी आले की कोण कसं लाजलं, कोणी फोटोसाठी धुतलेली टोपी शोधून आणली, हे रंगवून सांगत.

काम होत आलं होतं, आणि एका सकाळी नमाजासाठी हात-पाय धुऊन वजू करताना ते जागीच कलंडले. लकवा मारला होता. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवी बाजू लुळी पडलेली, वाचा गेलेली. तोंडून नुसतं "हं" निघायचं, आणि ते हो म्हणून की नाही म्हणून, कुणाला कळत नव्हतं. बायको अजीजुन्निसा वेळच्या वेळी चमच्यानं भरवायची. पाहुणे यायचे, बाजेला टेकून बसायचे आणि त्यांच्याच देखत त्यांच्याबद्दल बोलून निघून जायचे. धाकटा भाऊ लालमियाँ तर एकदा सरळ म्हणाला, "अब इनको क्या समझता, भाभी. दुकान मोबाइलवाले को दे देंगे."

लेक मदिना हे ऐकत होती. बारावी करून तिनं एमएससीआयटी केलं होतं आणि आता स्टुडिओत तीच बसत होती. वडिलांनी हातात घेतलेलं काम अर्धं सोडायचं नाही, एवढं तिनं ठरवलं होतं.

साहेबरावानं तिला रीत समजावली. "एकेक फोटो चढवत बसशील तर वर्ष जाईल. वेबसाइटवर प्रत्येक दुकानाला नंबर आहे. त्या दुकानाच्या फोटोला तोच नंबर नाव म्हणून दे. सगळे एका फोल्डरात घाल आणि एकदम पाठव. मंग ज्याचा फोटो त्याच्या नावापुढे आपोआप बसतो."

फोटोंना कॅमेऱ्यानं दिलेले आकडे होते, माणसांची नावं नव्हती. अब्बा साहेबरावानं दिलेली नंबरवार यादी घेऊनच फिरत होते, म्हणजे फोटोही यादीच्याच क्रमानं असणार, असं मदिनानं गृहीत धरलं. तिनं ओळीनं नंबर दिले आणि फोल्डर पाठवून दिलं.

दोन दिवसांनी केदारखेड्याचा मच्छिंद्र स्टुडिओत आला. तो मोटारी दुरुस्त करायचा. खुर्चीवर शांतपणे बसला आणि म्हणाला, "पोरी, माझ्या नावाम्होरं तू एक बाई लावून राह्यलीस. लोकं फोन करून इचारतेत, बाई हायेत का घरी?"

मदिनाला हसू आलं, मग लाजही वाटली. तिनं कंप्युटरवर पाहिलं. मच्छिंद्रच्या जागी सगुणाबाई शेवयांच्या मशीनजवळ उभ्या होत्या, सगुणाबाईंच्या जागी बैलांना नाल ठोकणारे रखमाजी होते, आणि पुढंही तसंच. अब्बा यादीप्रमाणे गेलेच नव्हते. रस्ता नेईल तसे गेले होते, माणूस भेटेल तसा फोटो काढला होता. तिनं मच्छिंद्रची माफी मागितली आणि सगळे फोटो खाली उतरवले.

आता कोण कुठला, हे सांगणार कोण? गिऱ्हाइकांना विचारलं तर चार-दोन चेहरे ओळखू यायचे, पुढं नाही. शेवटी तिनं सगळे फोटो बारीक करून कागदांवर छापले आणि अम्मीला कुणी ओळखू येतं का ते बघावं म्हणून दुपारी घरी आणले. बसायला दुसरी जागा नव्हती, म्हणून कागद अब्बांच्या बाजेवरच पसरले.

अम्मी एकेक चेहरा न्याहाळत होती, तेवढ्यात फकरोद्दीन यांचा डावा हात उठला आणि कागदावर येऊन पडला. मदिनानं तो हळूच बाजूला ठेवला. हात पुन्हा तिथंच आला. बोट एका सुताराच्या फोटोवर होतं.

"पहचानते क्या, अब्बा?"

"हं."

त्या "हं"चा भरवसा नव्हता. मदिनानं यादी हातात घेतली आणि सुतारांची नावं वाचायला लागली. सर्जेराव म्हटलं, हात हलला नाही. वसंता म्हटलं, हलला नाही. कारभारी म्हटलं, आणि बोट कागदावर टकटक वाजलं. तिनं मुद्दाम पुन्हा चुकीचं नाव घेतलं. अब्बांनी चिडून कागदच ढकलून दिला.

अम्मी मागं सरकून भिंतीला टेकून बसली. थोड्या वेळानं पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "या अल्ला. मतलब सब सुनते थे."

मदिनाला कळेना, रडावं का काय करावं. तिनं दुसरा कागद पुढं ओढला.

त्यानंतर रोज दुपारी बाप-लेकीचं काम चालू झालं. ती नाव वाचायची, ते बोट वाजवायचे. गावाचं नाव आधी घेतलं की त्यांना लवकर आठवतं, हे तिच्या लक्षात आलं. एखाद्या फोटोवर ते तोंडाच्या चांगल्या बाजूनं हसायचे, मग तीच विचारायची, "ये टोपीवाले ना, अब्बा?" अम्मीही भाकरी थापून झाली की येऊन बसायला लागली. तीन-चार चेहरे मात्र त्यांनाही आठवले नाहीत. तेव्हा मदिनानं उरलेल्या नावांपुढची जागा रिकामी ठेवली.

त्यात एका दुपारी मदिना यादी वाचत असताना लालमियाँ आला. स्टुडिओ भाड्यानं द्यायची गोष्ट पुन्हा अजीजुन्निसाजवळ काढायला लागला. ती म्हणाली, "हमारे से नक्को. उनसेच पूछो."

लालमियाँ चुळबूळ करत बाजेजवळ आला, खाली बसला आणि खालच्या आवाजात विचारलं, "भाईजान, दुकान देना क्या?"

फकरोद्दीन यांचा हात चादरीवर तसाच पडून राहिला. ते भावाकडं नुसते बघत राहिले.

"नहीं देना," लालमियाँ स्वतःच म्हणाला. मग त्यानं भावाच्या पायावरची चादर नीट केली आणि बाहेर जाऊन चहा आणला, तिघांसाठी नव्हे, चौघांसाठी.

फोल्डर दुसऱ्यांदा पाठवलं तेव्हा साहेबराव स्टुडिओतच होता. इंटरनेट हळू चालत होतं. फोटो एकेक करून आपापल्या जागी उमटत गेले. मच्छिंद्र मोटारीशेजारी, सगुणाबाई मशीनजवळ. साहेबरावानं शेवटपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "बराबर हाय."

पाऊसकाळ सरल्यावर लालमियाँ आता आधारानं पाय टाकणाऱ्या भावाला रोज सकाळी धरून स्टुडिओत आणायला लागला. फकरोद्दीन दाराशी खुर्चीत बसायचे. बोलणं फारसं आलं नाही, दोन-तीन शब्द तेवढे सुटे झाले. पण बाजाराच्या दिवशी खेड्यावरची माणसं रस्त्यानं जाताना थांबायची, रामराम करायची, आणि बोलायची ती सरळ त्यांच्याशीच.