साफ चेहरा

आमच्या अब्बांना आपल्या हाताचा भारी गर्व. मूल गावच्या बाजारात त्यांचा फोटो स्टुडिओ चाळीसेक वर्षं चालला, तो त्यांच्या पेन्सिलीवर. देवीचे वण, मस, डोळ्यांखालचं काळं, सगळं ते निगेटिव्हवरच पेन्सिल फिरवून घालवत. गिऱ्हाइकाला आरशात जसं दिसावंसं वाटतं तसा फोटो द्यावा, असं ते म्हणायचे. मग आरसेच विकायचे होते ना, असं मी म्हणायची. माझी जीभ तिखट आहे, हे अख्ख्या मूलला ठाऊक आहे.

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तसं मी स्टुडिओच्या पुढच्या भागात दोन कॉम्प्युटर आणि एक स्कॅनर बसवला आणि इंटरनेटचं दुकान काढलं. लोक निकाल बघायला यायचे, नोकरीचे अर्ज भरायला यायचे. आईला शोधायला मात्र एकच जण आला.

दोन हजार सहाचा जानेवारी होता. मोहर्लीच्या जंगलात पर्यटकांची जिप्सी चालवणारा धनराज एक जुना फोटो घेऊन आला. आई त्याची नव्हे, त्याच्या वडिलांची, लच्छूभाऊंची. फोटोत वीस-बावीस वर्षांची बाई खुर्चीवर ताठ बसलेली, मांडीवर दोनेक वर्षांचे लच्छूभाऊ, फोटोच्या पाठीवर आमच्या स्टुडिओचा शिक्का. बाईचं नाव सोनीबाई, माणसं गोंड. दुसरं मूल गेल्यावर तिचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. एक दिवस ती मूलच्या स्टेशनावर नॅरोगेजच्या छोट्या गाडीत चढली आणि परत आलीच नाही. नवऱ्याने शोधलं, मग तोही काही वर्षांनी वारला. लच्छूभाऊंना वाढवलं काकीने, आणि काकी त्या घरात आली ती सोनीबाई गेल्यानंतर. म्हणजे तो चेहरा पाहिलेलं त्या घरात कुणीच उरलं नव्हतं. उरला होता तो फोटो. लच्छूभाऊ पन्नाशीला आले तरी तो भिंतीवरून काढून धोतराच्या टोकाने पुसायचे आणि परत लावायचे. एका पर्यटकाने धनराजला सांगितलं की हरवलेली माणसं हल्ली इंटरनेटवर सापडतात. त्याने ते बापाला सांगितलं, आणि बाप रोज विचारू लागला.

मी शोधायला बसले. आधी त्या पोराचं मन राखायला, मग हट्टाने. दुकान रिकामं असलं की मी तेच करायची. मध्य प्रदेशातल्या एका गावी निराधार बायकांचा आश्रम होता, त्यांनी नाव-गाव न सांगू शकणाऱ्या बायकांचे फोटो इंटरनेटवर लावले होते. एकीच्या खाली लिहिलं होतं, गोंडी बोलते, आणि कधी कधी 'मूल, मूल' म्हणते. मी धनराजला बोलावून घेतलं.

तेव्हा चित्र वरून खाली पट्टीपट्टीने उतरायचं. आधी पांढरे केस आले, मग कपाळ. कपाळावर गोंदण होतं, तीन ठिपके आणि त्यांवर चंद्रकोर. पुढे हनुवटीवरही एक फूल. धनराज पुढे वाकला होता तो मागे टेकला. माझ्या आजीच्या तोंडावर गोंदण नाही, म्हणाला. आम्ही स्कॅन केलेला फोटो शेजारी ठेवून पाहिला. त्यातला चेहरा कोऱ्या ताटासारखा साफ होता. नाक जुळल्यासारखं वाटत होतं, पण म्हाताऱ्या माणसांची नाकं कुणाशीही जुळतात. तरी मी कागदावर छापून दिलं, बापाला दाखव म्हटलं.

लच्छूभाऊंनी पाहिलं आणि नाही म्हणून सांगितलं. सोनीबाईच्या पिढीच्या गोंड बाईला गोंदण नसावं हे खरं तर आक्रीतच, पण घरात त्यावरही एक गोष्ट तयार होती. म्हणे सोनीबाई लहानपणी गोंदायच्या वेळी सुईला भिऊन जंगलात पळाली होती. पळायची खोडच होती तिला, नंतरही तशीच पळाली. काकीने ती गोष्ट लच्छूभाऊंना सांगितली, त्यांनी लेकरांना. मीही विश्वास ठेवला. आम्ही पुढे शोधत राहिलो.

या सगळ्यात अब्बा नव्हते. मोतीबिंदू काढायला ते नागपूरला माझ्या बहिणीकडे गेले होते आणि नातवंडांत रमले होते. मोहफुलं पडायला लागली तेव्हा परत आले, नवी नजर घेऊन. आल्या आल्या दुकानातल्या प्रत्येक वस्तूवरची धूळ मला दाखवली. मग म्हणाले, तुझ्या त्या कॉम्प्युटरवर माझं जुनं काम दाखव. मी सोनीबाईचा फोटो मोठा करून दिला. ते खूश झाले. खुर्ची ओढून अगदी जवळ बसले.

"ये देख बेटा," ते कपाळावर बोट ठेवून म्हणाले, "इथं गोंदण होतं. इथं हनुवटीवर बी. बाकी चमडी कशी दाणेदार आहे, आन् इथं बघ, मख्खन. कुणाले पत्ता नाई लागला आजवर."

मी आश्रमाचं पान उघडलं. चित्र पट्टीपट्टीने उतरू लागलं आणि अब्बांचं हसू त्याबरोबर उतरत गेलं. तीन ठिपके, चंद्रकोर, फूल. जिथे जिथे पेन्सिल फिरली होती तिथेच.

"सबका निकालता था," ते हळूच म्हणाले. "शहरातल्या बायांसारखी दिसावी म्हणून."

मी आश्रमाला फोन लावला. तिथल्या ताईंनी फोटोचा नंबर विचारला आणि रजिस्टर पाहिलं. ती म्हातारी थंडी सरता सरता गेली, म्हणाल्या; म्हणजे आम्ही तिचा फोटो पाहिला त्यानंतर. वारस कुणी नव्हता, नगरपालिकेच्या लोकांनी पुरलं. शांत होती. नाव विचारलं की कपाळाला बोट लावायची, बस.

मला अब्बांचा इतका राग आला की दोन दिवस मी त्यांना जेवायला हाक मारली नाही, ताट नुसतं पुढे ठेवलं. लच्छूभाऊंना काही सांगू नये असं माझं मत होतं. शोधत राहू दे, आशेवर माणूस जगतो. अब्बा म्हणाले, आशा माझ्या पेन्सिलीची आहे, ती मीच मोडणार. जुनी ब्रश-शाईची डबी खिशात घालून ते एसटीत बसले, आणि मला जावंच लागलं.

लच्छूभाऊ अंगणात मोहफुलं वाळत घालत होते. अब्बांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, एक शब्दही मऊ न करता. लच्छूभाऊ ऐकत होते आणि हाताने फुलं पसरत होते. मग हात थांबले.

"मायनं म्हटलं होतं का तुमाले, काढा म्हणून?"

"नाई भाऊ. ती काहीच बोलली नाई. फोटो न्यायले तुमचा बाप आला होता."

"आमच्यात म्हणतात, मेल्यावर दागदागिने इथीच राह्यतात, गोंदण तेवढं संगं जाते," लच्छूभाऊ म्हणाले. "मंग तिकडं गेल्यावर आपले लोक त्यावरून ओळखतात. तिकडच्यांनी ओळखलं असंल तिले. म्या नाई ओळखलं. धनराजनं कागद आणून हातात देला होता. म्या चूल पेटवली त्याच्यानं."

अब्बांनी कुडाच्या भिंतीवरचा फोटो उतरवून घेतला. डबी उघडली. ते म्हणाले, जिथलं होतं तिथं परत काढून देतो, हुबेहूब, जागा मला सापडली आहे.

लच्छूभाऊंनी त्यांच्या हातातून फोटो काढून घेतला.

"राहू द्या भाऊ. ते गोंदणवाली म्या कधी पाह्यलीच नाई. मी आजवर माय म्हणलं ते हिलेच. आता हे बी नका नेऊ."

त्यांनी धोतराच्या टोकाने काच पुसली आणि फोटो होता तिथे लावला. अब्बा उघडी डबी हातात धरून तसेच उभे होते. शेवटी तिचं झाकण मी लावलं.