बसून की उभ्यानं

"मानसावानी बसून जेवाया काय व्हतंय म्हन्ते मी! घरात काय बुफे लावलाय?"

राहीबाई हे तव्याशी बोलत होती. आवाज बेताचा होता. तव्याला ऐकू जाईल, भिंतीला खांदा टेकून उभ्याउभ्या भाकरी खाणाऱ्या नवऱ्यालाही जाईल, पण त्याला उत्तर द्यावं लागणार नाही, एवढाच.

"मार्केटची सवय," बाबासो म्हणाला. गेलं दीड वर्ष तो हेच म्हणत होता.

साताऱ्याकडून आल्यापासून बावीस वर्षं तो हमाली करत होता. आधी मुंबईच्या जुन्या बाजारात आणि बाजार वाशीला आला तसा वाशीत. त्याची सवय उठता-बसता कण्हायला लावते, डावा पाय ओढायला लावते, हे सानपाड्याच्या त्या खोलीत सगळ्यांना दिसत होतं. बोलत कोणी नव्हतं. पाठ गेली असं एकदा डॉक्टरनं कागदावर लिहिलं की हमालांच्या टोळीतून नाव कमी. टोळीत नसलेला बाबासो कसा दिसेल, ते कोणाला डोळ्यांसमोर आणायचं नव्हतं. त्यापेक्षा बुफे बरा.

त्यांच्या मुलीने, प्रियदर्शिनीने, खाली मान घालून चहा संपवला आणि कॉलेजला निघाली.

एम.ए.चं दुसरं वर्ष. प्रबंधासाठी तिने बाजारातल्या एकशे चाळीस हमालांकडून तीस-तीस प्रश्नांचे फॉर्म भरून आणले होते. आबा, म्हणजे बाबासो, स्वतः तिला टोळ्याटोळ्यांतून घेऊन हिंडला होता. पहिला फॉर्म त्याचाच. आता ते सगळं एसपीएसएस नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरायचं होतं, आणि सॉफ्टवेअर होतं कॉलेजच्या कॉम्प्युटर रूममध्ये. तिथे चपला बाहेर काढून, एसीत गारठलेला एक पाय दुसऱ्यावर घासत बसावं लागे. एका विद्यार्थ्याला आठवड्याचे चार तास.

एक माणूस म्हणजे एक आडवी ओळ, एक प्रश्न म्हणजे एक उभा रकाना. 'हो'ला एक, 'नाही'ला दोन, उत्तर नसेल तर नऊ. रकान्याचं नाव आठ इंग्रजी अक्षरांच्या वर चालत नाही, असं तिच्या मार्गदर्शक म्हात्रे मॅडमनी सांगितलं तेव्हा प्रियदर्शिनीला हसू आलं. म्हणजे ती स्वतः यात मावलीच नसती.

फॉर्म भरून संपायला तीन आठवडे गेले. मग मॅडम म्हणाल्या, "आता याच्याकडून काम करून घ्यायचं. गोण्या रोज किती, गोणी किती किलोची, वर्षाला दिवस किती, नोकरीची वर्षं किती. या चारींचा गुणाकार कर. एकेका हमालाचा करत बसू नकोस, एकदाच सांग त्याला."

तिने एक ओळ लिहिली आणि बटण दाबलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत एकशे चाळीस घरं भरली, पण आकड्यांनी नाही, चांदण्यांनी. वरपासून खालपर्यंत नुसत्या चांदण्या.

"मॅडम, बिघडलं!"

"बिघडलं नाही. आकडे रकान्यात मावत नाहीयेत. कडेला धर आणि ओढ."

तिने माउसने रकान्याची कड धरून ओढली. चांदण्या गेल्या. पहिल्या ओळीत आबाचा आकडा उभा राहिला. तिने एकं, दहं, शतं करत तो बोटाने मोजला, आणि खात्री पटेना म्हणून पुन्हा मोजला. चार कोटी ब्याण्णव लाख ऐंशी हजार किलो. एका माणसाच्या पाठीवरून. ज्या पाठीवर ती लहानपणी घोडा घोडा करायची, त्याच. देवळात गेल्यासारखे तिचे हात आपोआप जुळून मांडीवर आले होते.

"चल, पुढे," मॅडम हळूच म्हणाल्या. "अकरावा प्रश्न काढ. पाठ दुखते का?"

हो, नऊ. नाही, एकशे एकतीस.

मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. "एवढं वजन उचलून पाठ दुखत नाही? तू विचारत होतीस तेव्हा शेजारी कोण होतं?"

"टोळी असायची अख्खी," ती म्हणाली. "आणि आबा."

"मग कोण बोलणार!" मॅडम फॉर्म चाळू लागल्या आणि तेविसाव्या प्रश्नावर अडकल्या. "घरी जेवायला बसता की उभ्यानं खाता? हा काय प्रश्न? हॉटेल काढायचंय?"

प्रियदर्शिनीचे कान तापले. तो प्रश्न तिने आईच्या तव्यापासून उचलला होता, कोणाला न विचारता. बाजारात तो विचारला की हमाल हसायचे. कोणी म्हणे, 'बसून, टीव्हीसमोर.' कोणी म्हणे, 'उभ्यानं, ताई, सवय हाय.' त्यात लपवण्यासारखं काही आहे असं कोणालाच वाटलं नव्हतं.

"पाठदुखीला ज्यांनी नाही म्हटलंय, तेवढेच घेते," ती म्हणाली. "आडवी नोकरीची वर्षं, उभा तेविसावा."

तक्ता उमटला. पाच वर्षांच्या आतले तीस. उभ्यानं जेवणारे दोन. पाच ते पंधरातले सत्तावीस, त्यातले सोळा. पंधराच्या वरचे चौऱ्याहत्तर.

त्यातले सत्तर.

म्हात्रे मॅडम इथल्याच, पावणे गावच्या. एरवी मराठी इतकं स्वच्छ की गावाचा पत्ता लागू नये.

"यो काय हाय गो," त्या पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "माझा बापूस मिठागरावर होता. पाय खाल्ले मिठानं, पन कदी दुखतंय बोलला नाय." आणि चष्मा पुसायला लागल्या, बराच वेळ.

प्रियदर्शिनीला एकाच वेळी सगळी घरं दिसली. सत्तर भिंती, सत्तर खांदे टेकलेले, सत्तर ताटल्या हातात. मशीनला पाठ ठाऊक नव्हती, की टोळीची भीतीही. त्याने फक्त एकमेकांशेजारी ठेवलं होतं, जे एकमेकांशेजारी कोणी ठेवत नव्हतं.

प्रिंटरने करकरत कागद बाहेर सोडला. कडेच्या भोकांच्या पट्ट्या न फाडताच तिने तो घरी आणला.

राहीबाई भाकरी थापत होती. बाबासो भिंतीला, ताटली हातात. प्रियदर्शिनीने कागद त्याच्यासमोर धरला.

"माझी वळ कंची यात?"

"पहिली. हे तुम्ही उचललेलं वजन, आबा."

त्याने आकडा वाचून घेतला, दोनदा. "समदं म्याच?" मग जरा फुशारून, "दिवाळीची जादा पाळी धरलीस का न्हाई?"

"नाही धरली."

"मग कमीच हाय."

"आणि हा तेविसावा. पंधराच्या वरच्या चौऱ्याहत्तर जणांतले सत्तर उभ्यानं जेवतात. घरी."

बाबासोचा घास तोंडातच राहिला.

"सत्तर?"

"सत्तर."

"टोळीतला बाजीराव बी?"

"फॉर्मवर नावं नाहीत, आबा."

"आसंलच त्यो," तो स्वतःशीच म्हणाला. "म्हंजी आमची आख्खी टोळी हितं हुबी हाय की." त्याने ताटली हळूच ओट्यावर ठेवली आणि कागद दोन्ही हातांनी धरला. राहीबाईच्या हातातली भाकरी अर्धीच थापलेली राहिली.

"अकराव्याला माझं काय लिवलंयस?"

"दोन. म्हणजे नाही."

तव्यातून धूर यायला लागला. कोणी तवा उतरवला नाही.

"एक कर," बाबासो म्हणाला. "दुखतंय, तायडे. लई दुखतंय."