अठराव्या दगडाचं नाव

माह्या गळ्याची आन घेऊन सांगतो, याच्यातला शब्द न् शब्द खरा हाये. खोटा निघाला तं उद्यापासून मले चहात साखर मिळू नये.

पासष्टच्या लढाईत आमच्या घरचे धनी गेले. दोन वर्सांनं नागपुरात लढाईत गेलेल्या जवानाइच्या नावानं बाग झाली. अठरा जवान, अठरा दगड. यादी कराले एक बाबू घरोघर फिरून राहिला होता. आमच्या दारी आला तवा मी एकटीच हातमागावर बसली होती.

"बाई, जवानाचं नाव?"

आता सांगा, कोष्ट्याच्या सुनेनं नवऱ्याचं नाव कसं घ्यावं? म्हटलं, "शामलाचे बाबा."

"असं नाही चालत, बाई. नाव सांगा."

"बाजूच्या जिजाबाईले पुसा."

जिजाबाई नेमकी लेकीकडं कन्हानले गेली होती. बाबू म्हणे, "मंग येतो." तो आलाच नाई. सतरा दगडावर नावं चढली. अठराव्यावर लिहिलं, 'अज्ञात जवान'.

लाजंच्या मारे म्या कोणाले सांगतलं नाई. पोरगी शामला लग्न होऊन काटोलले गेली, घर रिकामं झालं, आन मी रोज त्या दगडाजवळ बसू लागली. लोकं पुसत, "हा कोण हाये वं आजी?" मंग म्या सांगावं, "हा एका बैठकीत बारा भाकरी खाये, आन दुश्मनाचा रणगाडा लाथेनं उलटा करे." त्याइले मजा ये, मलेबी दोन घडी सोबत होये.

एक्क्याऐंशी साली बागेत श्रीधर नावाचे मास्तर आले, बगलेत हे जाड पुस्तक. नागपुरातल्या साऱ्या ठिकाणाचा कोश, म्हणे. नवी आवृत्ती निघून राहिली होती, त्याच्यात बागेवरची नोंद सुधाराची होती. त्याइनं जुनी वाचून दाखवली. बाप्पा! त्याच्यात माह्या बारा भाकरी छापल्या होत्या!

"आजी, ही गोष्ट कोणी पसरवली?"

"लोकाइले काई कामधंदा नाई."

"मी ते काढून टाकतो."

"आठ तरी ठेवा."

मास्तर हसले. मंग म्हणाले, "'अज्ञात' मात्र तसंच जाईल. सांगणारं कोणी सापडलं नाही. परवा छापखान्यात देतो. पुढची आवृत्ती वीस वर्षांनी निघाली तर निघाली."

वीस वर्सांनं या दगडाजवळ कोण बसन? माह्यामांगं हे खरंच अज्ञात होतीन.

"मले माहीत हाये," म्हटलं.

"सांगा ना मग!"

तोंड उघडलं, तं नाव निघेच ना. मास्तर घड्याळ पाहून राहिले. "काहून थांबल्या, आजी?"

"जरा दम धरा नं गा. उखाणा जुळवून राहिली."

उखाण्यात नाव चालते ना! लग्नात घेतलं होतं, संक्रांतीच्या हळदीकुंकवात घेतलं होतं. पण विधवेले कोण उखाणा पुसते? सोळा वर्सं कोणी पुसला नव्हता.

चनेवाला आला, फिराले आलेल्या चार बाया आल्या, सारे गोल करून उभे राह्यले. म्या पदर सारखा केला. मागावर सूत घेऊन इकडून तिकडं पळते तो धोटा आठवला.

"धोटा गेला पलीकडं, सूत राह्यलं मांगं,
जागेश्वररावचं नाव घेतो, बसून दगडासंगं."

बायाइनं टाळ्या वाजवल्या. "आणखी एक होऊ द्या वं, आजी!"

मास्तरनं 'अज्ञात' खोडलं, वरतं नाव लिहिलं. मले वाचून दाखवलं. म्या म्हटलं, पुन्हा वाचा. पुन्हा वाचलं. मंग पुस्तक बगलेत घालून गेले. मी दिवस बुडेपावतर बसून राह्यली. कोणी पुसलं असतं तं त्या दिवशी उखाण्याबिगर सिधं नाव सांगतलं असतं.

बरं, आता सांगूनच टाकतो. त्या टाळ्यावाल्या बाया म्या मनानंच गोष्टीत घातल्या. चनेवालाबी. भर दुपारची बाग, कावळा नव्हता तिथं. मी आन मास्तर, बस. मास्तरबी मान खाली घालून लिहून राहिले होते. पण उखाणा घेतला तं समोर कोणी हसाले नको का, बाप्पा?