कोरड्या तळ्याकाठचा चंबू

मित्रांनो, मी पाण्याचा एक जुना चंबू आहे. मातीचा नाही, पितळेचा नाही, शहामृगाच्या अंड्याचा. माझ्या पोटातून पिल्लू कधी बाहेर आले नाही. आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटात शहामृगीण दूर चरत होती, तेवढ्यात दिखाओ नावाच्या सान जमातीच्या एका बाईने मला उचलले आणि छातीशी धरून ती पळत सुटली. शहामृगाची लाथ बसली असती, तर माझी गोष्ट तिथेच संपली असती आणि तिचीही.

दिखाओने अणकुचीदार दगडाने माझ्या माथ्यावर करंगळीएवढे भोक पाडले. काडीने आतला बलक घुसळून ओतून घेतला. तो गरम राखेत भाजून सात माणसांनी खाल्ला. मग मला सुवासिक पाल्याच्या पाण्याने धुतले, सावलीत वाळवले, आणि तिने लोखंडी टोकाने माझ्या अंगावर तीन नागमोडी रेघा कोरून त्यांत कोळसा चोळला. ती तिची खूण. ती खूण ज्याच्या ओळखीची नाही त्याने मला वाळूतून उकरले, तरी न पिता परत पुरायचे, अशी त्या लोकांची रीत आहे. आणि आपल्यापैकी कोणी प्यायले, तर त्याने मला त्याच दिवशी परत भरायचे. नियम एवढे दोनच. पण ते पाळणे माझ्या हातात नव्हते, कारण मला हातच नाहीत.

वस्ती आणि प्राण्यांचे राखीव रान यांच्या मधे एक तळे आहे. वर्षातून दोन महिने त्यात पाणी असते, बाकी दहा महिने भेगा. त्या तळ्याच्या काठी, एका काटेरी बाभळीच्या मुळाशी, दिखाओ मला पुरत असे. तोंडाला गवताचा घट्ट बोळा, अंगावर दोन हात वाळू. वर ऊन कितीही तापले तरी माझ्या पोटातले पाणी थंडगार राही. बढाई मारत नाही, पण त्या वाटेने आलेल्या कितीतरी माणसांचे प्राण मी वाचवले आहेत. दिखाओचे दोन्ही मुलगे, थोरला गाओ आणि धाकटा दाबे, माझ्याच पाण्यावर लहानाचे मोठे झाले.

बढाई मारत नाही, असे मी म्हणालो; ती खोड मला या माणसांत राहून लागलीही नसती. तिथे बढाईला थारा नाही. कोणी मोठी शिकार केली, की वस्तीत येऊन मान खाली घालून बसायचे. विचारले, तर म्हणायचे, ‘काही नाही, एक उंदीर मिळाला.’ मग सगळ्यांनी समजायचे की जनावर तगडे आहे. गाओने पहिला कुडू, म्हणजे पीळदार शिंगांचा हरणासारखा प्राणी, मारला तेव्हा मी दिखाओच्या जाळीच्या पिशवीत होतो. तो भला मोठा कुडू, शिंगे दोन हात लांब! आणि गाओचा मामा त्याच्याकडे बघून म्हणतो कसा, “या हाडांसाठी आम्हाला उन्हातून चालवलंस? यांचा रस्सा तरी होईल का?”

गाओही हसत म्हणाला, “चुकलंच माझं, मामा. राहू द्या, तरसांना घाला.”

मग सगळ्यांनी दोन दिवस पोटभर मांस खाल्ले. मोठेपणा डोक्यात जाऊ नये म्हणून केलेली ही रीत. चांगलीच रीत आहे. मी तिला आजही वाईट म्हणत नाही.

पुढे दिवस पालटले. रानाला कुंपण आले, शिकारीवर बंधने आली, आणि परदेशी पाहुणे येऊ लागले. गाओ गाडी चालवायला शिकला, पाहुण्यांच्या दोन भाषा शिकला आणि वाटाड्या झाला. पाहुण्यांना तो आधी रानातले हत्ती आणि सिंह दाखवी, मग लाल वाळूच्या टेकड्या, आणि शेवटी कोरड्या तळ्याकाठी मी. हो, मीसुद्धा बघण्यासारखा झालो! दाबेचे काम मला उकरून काढायचे. एरवी तो निळी पँट आणि टोपी घालून फिरे. पाहुण्यांची धूळ दिसली की पँट झुडपात लपवून कातडे नेसे. मग वाळूत कान लावून काहीतरी ऐकल्यासारखे करी, मला उकरी, बोळा काढी आणि घटाघटा पाणी पिई. टाळ्या पडत. फोटो निघत. गाडी पाहुण्यांना घेऊन गेली, की नळाच्या पाण्याने मला भरण्यासाठी दाबे डबा घेऊन बसलेला असे.

पहिले वर्ष त्याने नेमाने भरले. दुसऱ्या वर्षी हत्तींनी वस्तीतल्या पंपाची टाकी फोडली, आणि पाणी लांबून आणावे लागू लागले. तेव्हा दाबेला एक युक्ती सुचली. तो मला रिकामाच तोंडाला लावू लागला. गळ्याची घाटी वरखाली करी, ओठ पुसे, ‘आहाहा’ म्हणे. पाहुणे तेवढ्याच टाळ्या वाजवत. त्यांच्या हातात पाण्याच्या बाटल्या होत्या, मी भरलेला आहे की रिकामा याच्याशी त्यांना काय देणेघेणे? मला मात्र शरम वाटे. सोंग माणसाने करावे, भांड्याने करू नये.

त्यानंतर एका संध्याकाळी शेकोटीपाशी जे बोलणे झाले, ते मी स्वतः ऐकले नाही, कारण मी वाळूत होतो. पण पुढे ते इतक्या वेळा माझ्यासमोर सांगितले गेले, की मला पाठ झाले आहे.

गाओ म्हणाला, “काय रे दाबे, आईचा चंबू भरलेला आहे ना? ऑक्टोबर लागलाय, पाऊस अजून दोन महिने लांब. वाटेवर पाणी असलेलं बरं.”

दाबे म्हणाला, “कुठला भरलेला, दादा! रिकामा आहे. कोरडा ठणठणीत.”

 मग गाओची बायको खोआ खो खो हसली. “ऐकलंत का? उंदीर मिळाला म्हणे! अहो, आमचे भाऊजी शिकारी झाले!”

म्हातारा मामा म्हणाला, “ठणठणीत म्हणतोय म्हणजे काठोकाठ असणार. वरून सांडतही असेल.”

“नाही हो मामा, खरंच—” दाबे म्हणू लागला.

“पुरे, पुरे! किती तो नम्रपणा,” गाओ हसत म्हणाला. “आई, बघ गं, तुझं धाकटं शहाणं झालं.”

आणि दिखाओने दाबेकडे मायेने बघितले. दाबे आळशी म्हणून वस्तीत प्रसिद्ध होता. आईने त्याच्याकडे तसे कधी बघितले नव्हते. दाबेने तोंड मिटले. उद्या पहाटे जाऊन भरून टाकू, असे त्याने मनात ठरवले. सकाळी त्याला उशिरा जाग आली, आणि गाओ पाहुण्यांना घेऊन केव्हाच निघून गेला होता. पाहुणे त्या दिवशी तळ्याकडे येणार नव्हते, म्हणून भरणे दाबेने उद्यावर ढकलले.

जर्मनीहून आलेले निवृत्त शिक्षक नवरा-बायको गाडीत होते; तिथे काय झाले ते त्यांनीच नंतर सांगितले. राखीव रानाच्या पलीकडच्या कडेला, खोल वाळूत, गाडीच्या मागच्या चाकांचा आस मोडला. बिनतारी यंत्रातून नुसती खरखर येत होती. दुपारपर्यंत बाईंना धाप लागली, ओठ निळसर दिसू लागले. पाणी जेमतेम एक डबा उरले होते. संध्याकाळी थंडावा येतो, पण त्या वाटेवर संध्याकाळनंतर सिंहही येतात. म्हणून गाओ भर उन्हातच वस्तीकडे निघाला.

“थोडं पाणी तरी बरोबर घ्या,” बाईंचा नवरा म्हणाला.

गाओने डबा त्याच्या पायाशी सरकवला. “तुमच्याकडेच राहू द्या. वाटेत माझ्या आईचं पाणी आहे.”

मित्रांनो, मला पायांचा आवाज वाळूतून कळतो. ते पाय ओढत येत होते. मग खरवडण्याचा आवाज आला, आणि गाओ घोगऱ्या आवाजात हसून म्हणाला, “आई, किती खोल पुरतेस गं!” मी वाळूत असताना देवाला हाक मारत नाही. त्या दिवशी मारली. कोठून तरी ओंजळभर पाणी माझ्या पोटात येऊ दे म्हणालो.

त्याने मला उचलले, आणि उचलतानाच त्याला कळले. भरलेला मी तान्ह्या मुलासारखा जड असतो. तरी त्याने बोळा काढला आणि मला तोंडावर उपडे केले. त्याच्या जिभेवर गवताची दोन कोरडी पाती पडली. त्याने माझ्या अंगावरच्या तीन रेघांवरून बोट फिरवले. चंबू आपलाच आहे ना, हे बघत होता.

“खरंच बोलला होतास की रे, दाबे,” तो म्हणाला.

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोसले असते.

त्यानंतर त्याने जे केले, ते मी विसरू शकत नाही. त्याने बोळा परत बसवला, मला खड्ड्यात ठेवले आणि दोन्ही हातांनी वर वाळू लोटली. चंबू उघड्यावर टाकायचा नाही, असे आईने शिकवले होते. अंगात उरलेली ताकद त्याने माझ्यावर वाळू घालण्यात खर्च केली, आणि उठून चालू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतली माणसे दुसऱ्या गाडीने शोधायला निघाली. पाहुणे जिवंत सापडले. बाईंना लगेच दवाखान्याकडे नेले. गाओच्या पावलांमागे दाबे आणि दिखाओ चालत निघाले. माग काढणारा तरुण पावलांचे ठसे मोठ्याने वाचत जातो आणि वडीलधारे ऐकतात, अशी तिथली पद्धत आहे. दाबे वाचत आला. इथे दादा सावलीत थांबला. इथे पाऊल वाकडं पडलं. इथे गुडघे टेकले. इथे...

तो माझ्याजवळ येऊन थांबला.

“थांबलास का? वाच,” दिखाओ म्हणाली.

“इथे उकरलं, आई. आणि... परत पुरलं.”

“पाणी सांडतं थोडं पिताना. वाळूवर पापुद्रा धरतो. दाखव मला, कुठे आहे?”

 दिखाओने स्वतः खाली बसून मला उकरले, हातात तोलले आणि पिशवीत ठेवले. ती रडली नाही, दाबेला शिवी दिली नाही. फक्त म्हणाली, “पुढे वाच.”

पुढचे दाबेने वाचले. पोटात पाणी साठवणाऱ्या कंदासाठी दादाने तीन ठिकाणी उकरले होते. ऑक्टोबरात त्या कंदाची वेल वाळून वाऱ्याने उडून जाते. जागा फक्त रोज पायी हिंडणाऱ्याला आठवते, आणि गाओ कितीतरी वर्षे गाडीतून हिंडत होता. तासाभराच्या वाटेवर एका झुडपाखाली त्याचा देह सापडला. बूट काढून त्याने शेजारी नीट जोडीने ठेवले होते.

आता मी परत तळ्याकाठी आहे. पाहुणे अजून येतात, गाडी दुसरा कोणी चालवतो. दाबे मला उकरतो, खरे पाणी पितो, आणि डबा खांद्यावर घेऊन मला त्याच दिवशी भरतो. वस्तीत परतल्यावर शेकोटीपाशी तो रोज सांगतो, “आईचा चंबू काठोकाठ भरलाय. मी भरलाय.” असे बोलणाऱ्याची त्या वस्तीत पूर्वी सालटी काढली असती. आता कोणी हसत नाही. मामा निखारे ढवळत बसतो. खोआ उठून झोपडीत जाते.

मित्रांनो, मी साधे भांडे आहे, मोठे ज्ञान मला सांगता येणार नाही. एवढेच विनवतो, की दुसऱ्याच्या तहानेसाठी ठेवलेले भांडे कधी रिकामे ठेवू नका. आणि चुकून राहिलेच, तर लोक हसले तरी, कौतुक करू लागले तरी, ओरडून सांगा की ते रिकामे आहे. ऐकेपर्यंत सांगा.

दिखाओ आता फार थकली आहे. तरी पाहुण्यांच्या गाडीत मागे बसून ती अधूनमधून तळ्यापर्यंत येते. मला उकरते, बोळा काढते आणि करंगळी आत बुडवते. ओली करंगळी उन्हात धरून बघत राहते, ती वाळेपर्यंत. मग बोळा बसवून मला परत पुरते. इतक्या लांब येऊनही ती माझ्यातले पाणी पीत नाही.